डिसेंबरात नको, मावशी!

दिवाळीचा फराळ संपायच्या आत मुंबईकरांचे फोन वाजू लागतात. नागपूरची मावशी, न्यू जर्सीचा चुलतभाऊ, सगळ्यांचं एकच: "आम्ही डिसेंबरात येतोय. तेव्हाच हवा चांगली असते ना तुमच्याकडे?" माझं उत्तर ठरलेलं आहे. नको गं मावशी, डिसेंबरात नको. ऑगस्ट संपता संपता ये.

"नोव्हेंबर ते फेब्रुवारी" हा सल्ला पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तकात जसाच्या तसा उतरवलेला असतो. त्यातला नोव्हेंबर तर मुळातच चुकीचा. सांताक्रूझ वेधशाळेची सरासरी काढून बघा. नोव्हेंबरात दिवसाचं कमाल तापमान मे महिन्याच्या बरोबरीनं ३३-३४ अंशांच्या घरात असतं. उतरतात त्या रात्री. भर दुपारी फोर्टातून पायी हिंडणाऱ्या पाहुण्याला पहाटेच्या गारव्याचा काय उपयोग?

खरी थंडी डिसेंबरच्या शेवटाला आणि जानेवारीत. ती अजूनही येते, चार-आठ दिवस का होईना. २२ जानेवारी १९६२ ला याच सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. तक्रार थंडीबद्दल नाहीच. तिच्यासोबत आता जे नाकातोंडात जातं, त्याबद्दल आहे.

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्रावरून रात्रंदिवस वाहतो आणि सरी हवा धुऊन काढतात. हिवाळ्यात समुद्राकडचा वारा उशिरा सुटतो, तोही मंद. रात्री तो उलटा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे. जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि शहरावर झाकण बसतं. हे पूर्वीही होतंच. वाढलं ते आपण या झाकणाखाली सोडतो ते: पाडलेल्या चाळींचा राडारोडा, एकाच गल्लीत चार-चार टॉवर, काँक्रीटचे प्लँट, न झाकता धावणारे डंपर. सकाळी आठ वाजता मरीन ड्राइव्हवर उभं राहा आणि मलबार हिलकडे बघा. टेकडीवरच्या इमारती राखाडी, पुसट, जेमतेम रेघेपुरत्या दिसतात. पाहुणे "काय छान धुकं पडलंय" म्हणत फोटो काढतात. अहो, धुरकं आहे ते. त्यात गाड्यांचा धूर आहे आणि आमच्याच बांधकामांची धूळ आहे.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेनं नियमावली काढली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, त्या दिवाळीत फटाक्यांच्या वेळाही बांधून दिल्या. नियमावलीत होतं की ७० मीटरहून उंच इमारत बांधत असाल तर भोवती ३५ फूट उंच पत्रे लावा. आता हिशेब करा. ३५ फूट म्हणजे साधारण ११ मीटर. वरच्या ५९ मीटरचं काय? तिथं हिरवं कापड बांधायचं, पाणी मारायचं, असंही नियमात आहे. मान वर करून बघा, ते कापड फाटून लोंबतंय. पत्रे मात्र लागले, कारण त्यांच्यावर बिल्डरला जाहिरात रंगवता येते.

म्हणून मी पाहुण्यांना हिवाळ्यात बोलवत नाही. मुंबईचा चांगला म्हणावा असा ऋतू आमच्या डोळ्यांदेखत खराब झाला आणि आम्ही पुस्तकातलं पान तेवढं बदललं नाही.

मग यायचं कधी? मे नाही. घामाची सवय नसलेल्या वैदर्भीयाला ४४ अंशांचा कोरडा उन्हाळा सोसतो, पण दादर स्टेशनच्या पुलावर त्याचा जीव जातो. आंब्यासाठी म्हणत असाल तर हापूस नागपूरलाही मिळतो. जुलैही नाही. सबंध महिन्यात ८००-९०० मिलिमीटर पाऊस, आणि २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळलेलं हे शहर आहे.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य, हे दिवस धरा. पाऊस असतो, पण उघडीप देतो. हवा स्वच्छ असते. मलबार हिलच्या खिडक्या मोजता येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून दर्याला नारळ दिला जातो आणि बाजार पुन्हा भरतो. कोळीण पापलेटाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते, "बघ की बाय, हात लावून बघ" म्हणते. शेजारी ओल्या बोंबलांचा ढीग, गुलाबीसर, जवळपास आरपार दिसणारे. डिसेंबरात हॉटेलात मासा खाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

आणि कान्हेरी. हिवाळ्यात लोक तिथं बुद्धाच्या मूर्ती बघून परततात. पावसात गेलात तर दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची पाण्याची सोय चालू असलेली दिसते. शंभराहून अधिक लेणी. उतारावर कातळात खोदलेल्या बोटभर खोल पन्हळी, आणि त्यांतून वाहत येणारं पाणी लेण्यांच्या दाराशी असलेल्या पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात, पडतं. बांधणारे गेले, भिक्षू गेले, पोढी अजून भरते. मुंबईत याहून मोठं बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, मरीन ड्राइव्हचा राणीचा रत्नहार धरून. सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं.

गणपती याच दिवसांत आले तर उत्तम. पण लालबागच्या रांगेत दिवस घालवू नका. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत जा. १८९३ पासून बसणारा गणपती, आटोपशीर मूर्ती, समोर जिना आणि कठडे. रांगेची दमछाक नाही. तिथून खोताची वाडी चालत गाठता येते.

एक पथ्य मात्र पाळा. येण्याआधी भरतीच्या वेळा बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही. मग हिंदमाता आणि अंधेरीच्या सबवेचं नाव काढू नका. घारापुरीच्या बोटी दर्या खवळला की बंद ठेवतात, तो बेत सुटा ठेवा.

मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, अगदी मिनिटांसह. चांगलं काम आहे, माणसं वाचतात त्यानं. तशीच दुसरी यादी नोव्हेंबर उजाडायच्या आत वॉर्डावॉर्डात लावा: कुठल्या प्लॉटवर काम चालू आहे, बिल्डर कोण, तपासणी कधी झाली, कापड आहे की नाही, दंड किती, भरला का. मावशीच्या डिसेंबरातल्या तिकिटाचं मग बघू.