थंडी : राहुरीकरांसाठी वापराच्या सूचना

थंडीत काय करावं याचं मार्गदर्शन राहुरीत भरपूर मिळतं. फक्त तुम्ही केळी, द्राक्ष किंवा कोंबडी असायला पाहिजे. गावाशेजारी महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळं इथं पानटपरीवरचा माणूसही सल्ला देतो : केळीला रात्री पाणी सोडा, द्राक्षबागेत पहाटे धूर करा, पोल्ट्रीला गोणपाट बांधा. माणसांनी काय बांधावं, याबद्दल सगळं सामसूम. म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, थंडीला नावं ठेवू नयेत. गव्हाला ती लागते, हरभऱ्याला लागते, उसात साखर भरायलाही लागते. घरातल्या कर्त्या माणसानं दात वाजत असतानाच ‘यंदा पाहिजे तशी पडली नाही’ असं म्हणावं. बायकोनं गोधडी मागितली, तरी मत बदलू नये.

कानटोपी घालावीच. समुद्रमंथनानंतर ज्याचं मुंडकं उडालं त्या राहूवरून राहुरी, अशी आख्यायिका आहे. इथला जानेवारी कानटोपीशिवाय काढू शकेल असा आजवर तो एकटाच.

शेकोटी पाचटाची करू नये. भसकन पेटते, भुवया घेते आणि हात पुढं करेपर्यंत राख. पऱ्हाट्या बऱ्या. शेकताना पुढून वांगं भाजतं आणि पाठ फ्रिजात राहते, तेव्हा दर पाच मिनिटांनी भाकरीसारखं उलटावं. सरपण आणायला उठू नये. उठलेल्याची जागा गेली.

टोरांटोचा पुतण्या व्हिडिओ कॉलवर खिडकीतला बर्फ दाखवून ‘उणे पंधरा’ म्हणेल. दबून जाऊ नये. त्याच्या अंगात बनियन आहे, ते आधी पाहावं. त्याच्या बाहेर उणे पंधरा आणि घरात वीस. आपल्याकडं बाहेर नऊ आणि पत्र्याखालीही जवळजवळ तेवढंच. शेजारच्या शनिशिंगणापुरात तर घरांना दारं नसण्याचीच परंपरा. तिथं थंडीला ‘या, बसा’ म्हणायचेही कष्ट नाहीत. (पुतण्याला हुलग्याचे शेंगोळे दाखवावेत. तो गप्प होतो.)

आता खरं प्रकरण : रात्रीचं भरणं. गहू एकवीस दिवसांचा झाला, मुकुटमुळं फुटायची वेळ आली, की पाणी चुकवून चालत नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते. कोण जाणार यावर घरात चर्चा होते. धाकट्याला सकाळी कॉलेज, आजोबांचा गुडघा, मधल्याला अचानक ताप. जायचं त्यानं चर्चा सुरू व्हायच्या आधीच बॅटरी शोधलेली असते.

त्याच्यासाठी सूचना. आभाळ निरभ्र असलं की जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि गार, जड हवा सखल भागात उतरते. ओढा ओलांडताना थंडी एकदम गुडघ्यापासून वर येते. तिथं थांबून बिडी पेटवू नये. उसाकडेनं जाताना मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावावीत, बिबट्याला गर्दी वाटली पाहिजे. त्याला केसाळ कोट आहे, तुम्हाला नाही, हे लक्षात ठेवावं. विहिरीचं पाणी मात्र यावेळी कोमट लागतं, पाईपाच्या तोंडाशी वाफ दिसते. दारं धरताना पाय त्यात बरे वाटतात. बांधावर काढले की दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. खोरं हातात आहे की नाही, हेही बघूनच कळतं.

लाईट गेल्यावर, पाचच्या सुमाराला तो परत येईल. बंब तेव्हा पेटलेला असावा आणि त्यातली पहिली बादली त्याची. कॉलेज, गुडघा आणि ताप यांनी त्याच्या मागं रांगेत उभं राहावं.