डाव्या पायास अनावृत पत्र

रा. रा. डावे पाय,
मु. क्लचचे पेडल (कायमचा मुक्काम)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल गिअरबॉक्स उतरवल्यावर मेकॅनिकने क्लच प्लेट माझ्या हातात ठेवली. नवी प्लेट खरबरीत असते. ही घासून गुळगुळीत, रिबिटी वर आलेल्या. वास मात्र ओळखीचा निघाला. मढीला कानिफनाथांचे दर्शन घेऊन परतताना करंजी घाटात आला होता, तोच. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे लांबलचक रांग. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून आपण सबंध घाटभर हाफ क्लचवर तरंगत राहिलात. शेजारी हँडब्रेक नावाची एक दांडी आहे. पण दुसऱ्याच्या खात्यात लुडबुड करणे आपल्या स्वभावात नाही!

आपले काम तसे थोडके. पेडल तळापर्यंत दाबले की इंजिन आणि चाकांची फारकत होते, सोडले की संसार पुन्हा सुरू. दाबताना झटकन, सोडताना सावकाश. सोडता सोडता एक जागा येते. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलते. तिथे क्षणभर थांबावे, उजव्या बंधूंनी थोडी रेस द्यावी, मग अलगद पेडलवरून उतरून फरशीवर बसावे. आपण नेमके तिथेच बेडकासारखी उडी मारता. परवा माळीवाड्यात गाडी गचका खाऊन बंद पडली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने केलेला आपल्या कुळाचा उद्धार मला ऐकावा लागला. आपण बुटात होतात.

बरे, गाडी पळू लागली की तरी उतरावे? नाही. ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यासारखे पेडलवर टेकून राहता. आपल्याला वाटते, नुसताच टेकलोय. तेवढ्यानेही प्लेटवरची पकड सैल होऊ शकते. ती घसरते, तापते, झिजते, आणि बेअरिंग उगीचच राबत राहते.

आणि हे सगळे नगरात! इथल्या लष्करी केंद्रात पोरे चाळीस टनांहून जड रणगाडे हाकायला शिकतात. इथल्याच कारखान्यातून कायनेटिकची लुना बाहेर पडली. १९७२ साली आलेल्या त्या गाडीला ना गिअर, ना हाताने दाबायचा क्लच. आपली कीर्ती लुना काढणाऱ्या फिरोदियांच्या कानी आधीच गेली असावी, असा मला दाट संशय आहे.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, तिन्ही नवी घातली. बिल उजव्या हाताने भरले. गाडी शनिवारी मिळेल. तोवर माळीवाडा स्टँडपर्यंत रोज चालत जायचे आहे, आणि त्या कामात निम्मा वाटा आपला.

कळावे. पेडलवर लोभ नसावा.

आपले,
डोके