गाडीची टकटक
आमच्या 1998 सालच्या गाडीचं इंजिन टकटकतं, पण मेस्त्री जवळ नसताना. गॅरेजात शिरलं की साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसावा तसं चिडीचूप. निदानांना मात्र तोटा नाही. शेजारचे काका म्हणाले, "गार असताना वाजतं? मग टॅपेट." मेहुणा म्हणाला, "चढावर वाजतं ना? पेट्रोलच हलकं." मेस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि त्या शांततेतच त्याला कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ऐकू आलं. "इंजिन उतरवावं लागेल." आकडा ऐकून टकटक माझ्या छातीत सुरू झाली. तेवढ्यात पोऱ्याने बॅटरी हलवून पाहिली. पट्टी सैल होती. त्याने ती पान्याने आवळली. मेस्त्रीने त्याला लगेच चहा आणायला पिटाळलं.