सोळा हजार डॉलरची रानवारी

अहो, ऐकलंत का? अमेरिकेत पोरगं हाताबाहेर गेलं की आईबाप त्याला रानात पाठवतात म्हणे! सहलीला नाही हो, उपचाराला. ‘वाइल्डरनेस थेरपी’ असं भारदस्त नावही आहे. आणि पाठवतात कसं, ते तुम्ही म्हणून सांगते. मध्यरात्र उलटली की दोन धट्टेकट्टे अनोळखी बाप्ये थेट पोराच्या खोलीत शिरतात. गाढ झोपेतून हलवून उठवतात आणि विचारतात, मुकाट्यानं येतोस की उचलून नेऊ? त्या बाप्यांचे पैसे कुणी मोजले? आईबापांनीच! पोरांच्या बोलीत याला ‘गून’ होणं म्हणतात. आपल्याकडे लग्नातून नवरी पळवायलासुद्धा एवढी तयारी करत नाहीत.

या धंद्याचं माहेर म्हणजे युटा राज्य. सुरुवात तशी सोज्वळ होती. 1968च्या सुमाराला ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लॅरी डीन ओल्सन नावाचे गृहस्थ अभ्यासात घसरलेल्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेऊन तगून राहायला शिकवायचे. पोरं ताजीतवानी होऊन परत यायची. इथवर सगळं छान. मग 1988 साली स्टीव्ह कार्टिसानो नावाचा माजी हवाईदलवाला उगवला. यानं ‘चॅलेंजर’ नावाची छावणी काढली. 63 दिवस वाळवंटात तंगडतोड, फी जवळजवळ 16 हजार डॉलर. टीव्हीवर तर असा झळकायचा, की आया रडत रडत चेकबुक काढायच्या.

अशा छावण्यांच्या आत चालतं काय, तेही ऐकाच. रात्री पोरांचे बूट काढून घेतात, पळून जाऊ नयेत म्हणून. झुडपामागे बसायचं झालं तर स्वतःचं नाव मोठमोठ्यानं पुकारत राहायचं, म्हणजे पहारेकऱ्याला कळतं की स्वारी जागेवर आहे. आज तारीख काय, किती वाजले, उद्या कुठे जायचं, काही विचारायचं नाही. विस्तव हवा तर आपल्याकडे यज्ञात अरणी घुसळतात तसं दोरी लावलेल्या काठीनं लाकूड घुसळायचं, तळहाताला फोड येईपर्यंत. आणि जेवायला? डाळ-तांदूळ! हसू नका. आपण आजारी पडल्यावर लाडानं खातो ती खिचडी तिकडे शिस्त लावायला देतात.

पण खरी कमाल पुढेच आहे. घरून पत्र येतं. तू आम्हाला कसं कसं छळलंस, याची आईबापांनी लिहिलेली सविस्तर यादी. ती पोरानं शेकोटीभोवती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची! आमच्या आईनं असं पत्र लिहायचं ठरवलं असतं तर पोस्टाला वेगळी गोणी लागली असती. पण आईला उत्तर देता यायचं हो. तिथे तशी सोय नाही. दमलो म्हणालं, की नाटक. पोट दुखतंय म्हणालं, की काम चुकवतोय. घरी न्या म्हणालं, की बघा, अजून बरा नाही झाला. म्हणजे तक्रार हेच रोगाचं लक्षण!

इथे मात्र माझी फुटाण्याची पुडी बाजूला राहिली. 1990च्या जूनमध्ये ‘चॅलेंजर’मधली 16 वर्षांची मुलगी कैपारोविट्स पठारावर उष्माघातानं गेली. खटला चालला, कार्टिसानो सुटला. त्याच्याकडे पूर्वी काम केलेल्यांनी दुसरी छावणी काढली. तिथे 1994च्या मार्चमध्ये 16 वर्षांचा मुलगा पोट धरून कण्हत होता. सोंग करतोय, म्हणाले. त्याचा अल्सर फुटला होता. आणि हे जुनं झालं म्हणावं, तर 2024च्या फेब्रुवारीत उत्तर कॅरोलिनातल्या छावणीत 12 वर्षांचा मुलगा आल्याला 24 तास व्हायच्या आत झोपायच्या पिशवीवजा तंबूत गुदमरून गेला. त्या छावणीचा परवाना मग सरकारनं काढून घेतला.

गुण येतो का, असं विचारलं की धंदेवाले अभ्यासांचे कागद पुढे करतात. जाताना प्रश्नावली भरली, येताना भरली, पोर सुधारलं! पण तशाच दुसऱ्या पोरांना घरी ठेवून, जवळच्या समुपदेशकाकडे धाडून तुलना केलीय, असे अभ्यास फार थोडे. आम्ही तिथेच सावरलो, असं मनापासून सांगणारीही आहेत, त्यांना खोटं कशाला पाडू? झाडं, चालणं, मोबाइल नाही, यानं कुणाचं वाईट होणार आहे! मला खटकतात ते काढून घेतलेले बूट. शिवाय घरी आलेलं पोर गप्प झालंय ते बरं होऊन की धसक्यानं, हे त्या प्रश्नावलीत कुठे लिहायचं? त्यातली कित्येक तर घरीही येत नाहीत. रानातून थेट निवासी शाळेत, मीटर चालूच.

आता सगळ्यात चमचमीत. यांच्याविरुद्ध पदर खोचून उभं कोण राहिलं असेल? पॅरिस हिल्टन! होय तीच, पर्समध्ये चिमुकलं कुत्रं घेऊन फिरणारी. तिलाही किशोरवयात असंच अंथरुणातून उचललं होतं, मग युटातल्या प्रोव्हो कॅन्यन शाळेत 11 महिने. 2020च्या माहितीपटात तिनं तोंड उघडलं, 2024च्या जूनमध्ये वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे साक्ष दिली आणि त्याच डिसेंबरात अशा संस्थांमधल्या छळाचा मागोवा घेणारा कायदा बायडन यांच्या सहीनं झाला. त्या माहितीपटात ती सांगते, तिला धड झोप लागत नाही. डोळा लागला की ते दोघं बाप्ये खोलीत येतात. आणि आपण इतकी वर्षं तिच्या कुत्र्याच्या झग्यावर चर्चा करत बसलो होतो.