टॉर्च धरणाऱ्यांसाठी नियमावली

जुनी मोटार घरच्या घरी कशी दुरुस्त करावी याविषयी आजवर जे काही लिहिलं गेलं, ते सगळं ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यासाठी. ज्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा जिच्या, हातात टॉर्च आहे तिच्यासाठी कुणी चार ओळी खरडलेल्या नाहीत. हा अन्याय दूर करण्याच्या हेतूने सदर नियमावली सिद्ध केली आहे. फ्रीगंज धरून संपूर्ण उज्जैन शहरास ती तूर्त लागू राहील. देवास-इंदूरकडच्या भगिनींनी स्वीकारल्यास हरकत नाही.

व्याख्या. 'गाडी' म्हणजे फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी आहे: कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली, १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पण मामंजींनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून ती घेतली तेव्हाही तिला सगळे फियाटच म्हणायचे. वाट पाहून मिळालेली वस्तू माळव्यातली मराठी माणसं सहजी सोडत नाहीत; शिंद्यांबरोबर आलो ते अजून इथेच आहोत. 'हे' म्हणजे गाडीखाली असलेले गृहस्थ. पायांवरून ओळखावेत.

कलम १. टॉर्च पाना असलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूने, त्यांच्या खांद्यावरून, नजरेच्या रेषेत धरावी. पान्याच्या बाजूने धरली तर हाताची सावली नेमकी बोल्टावर पडते, समोरून धरली तर डोळे दिपतात. हे कुणी सांगत नाही. 'इथे धर' एवढंच सांगतात. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे 'इथे' बोटाने दाखवता येत नाही, हनुवटीने दाखवतात; आणि हनुवटी गाडीखाली असते.

डोक्याला बांधायचा दिवा बाजारात मिळतो. मी ह्यांना तो वाढदिवसाला दिला. ह्यांनी तो माझ्या डोक्याला बांधला.

कलम २. जे काही निघेल ते निघालेल्या क्रमाने ठेवावं. त्यासाठी इडलीपात्रासारखं साधन जगात नाही: प्रत्येक खळग्यात एका जागेचे नट-वॉशर, ताटल्या एकावर एक. डिस्ट्रिब्युटर उघडण्यापूर्वी प्लगच्या चारही वायरींवर चिकटपट्टी लावून आकडे घालावेत, कारण ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि तो कुणाच्याही लक्षात राहत असला तरी कुठली वायर कुठली हे राहत नाही. इडलीपात्र परत मागू नये. स्वैपाकघराला नवं घ्यावं आणि त्याची पावती गाडीच्या खर्चात लावावी.

कलम ३. खाली कुणी जाणार असेल तर नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नये. घोडी लागल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही. विटा चालत नाहीत, वीट फुटते. या कलमावर चर्चा होणार नाही.

कलम ४ (काळाविषयी). आपलं गाव काळाचं गाव आहे. भारतीय ज्योतिषाने शून्य रेखा इथूनच काढली. सवाई जयसिंहाने वेधशाळा बांधली. २०२४ साली वेधशाळेच्या आवारात वैदिक घड्याळही आलं. त्यात एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त पडतात, म्हणजे मुहूर्त सरासरी ४८ मिनिटांचा. हे घड्याळ आल्यावर माझा एक जुना गोंधळ मिटला. गाडीखालून 'दोनच मिनिटं धर' असा आवाज येतो, ती दोन मिनिटं एक मुहूर्त भरतात.

अशा गावात गाडीचं टायमिंग चुकलेलं असावं ही शरमेची गोष्ट आहे, म्हणून हा भाग टॉर्चवालीने स्वतः शिकून घ्यावा. अवघड नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत पॉइंट दिसतात. ते पूर्ण उघडे असताना त्यांच्यात साधारण ०.४ मिलिमीटर फट हवी. फिलर गेज सापडत नसेल (सापडत नसतो) तर लग्नपत्रिकेचा कोपरा घालून बघावा. पत्रिका जाड कागदाची, सोनेरी नक्षी नसलेल्या बाजूची. चिंतामण गणपतीला पहिली पत्रिका ठेवण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. दुसरी गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवावी. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिशपेपरने पुसावेत, खड्डे पडले असतील तर पुसत बसू नये, बदलावेत.

मग बारा व्होल्टचा बल्ब घ्यायचा. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला, दुसरी बॉडीला. प्लग काढून, टॉप गिअर टाकून गाडी जराशी ढकलली की इंजिन फिरतं. पुलीवरची खूण जागेवर आली की थांबायचं, चावी ऑन करायची आणि डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवायचा. ज्या क्षणी बल्ब पेटेल तो ठिणगीचा क्षण. तिथे बोल्ट आवळायचा. ढकलायचं कुणी हे ठरलेलं असतं, त्यामुळे टॉर्च तेवढ्यापुरती दाताखाली धरावी.

मोठ्या कालगणनेविषयी: गाडी 'सिंहस्थापर्यंत' रस्त्यावर येईल असं ह्यांनी सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. २०१६चा सिंहस्थ झाला. गाडी त्या वेळी विटांवर होती (पाहा कलम ३, ते तेव्हा अस्तित्वात नव्हतं). आता विचारलं तर 'सिंहस्थापर्यंत' असंच उत्तर येतं. वचन मोडलेलं नाही. गुरू सिंह राशीत पुन्हा येतोच, आणि पुढचा सिंहस्थ २०२८ला आहे.

कलम ५ (बढती). ब्रेकमधली हवा काढण्याच्या दिवशी टॉर्चवालीला ड्रायव्हरच्या सीटवर बढती मिळते. हे काम एकट्याने होतच नाही, आणि गेल्या शतकातले कितीतरी संसार याच कामात कसाला लागले असतील. पद्धत अशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं. मग चाकाकडून हुकूम येतो, 'दाब'. दाबायचं. 'धर'. पाय तसाच दाबून धरायचा. तेवढ्यात ते निपल सैल करतात, पेडल खाली जातं, नळीतून बुडबुडे निघतात, ते निपल बंद करतात आणि मग 'सोड' म्हणतात. निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर जेवढी हवा गेली तेवढी परत आत.

अडचण एवढीच की 'धर' आणि 'सोड' या दोन्हींच्या आधी 'हं' येतो, आणि मागच्या चाकाशी बसलेल्या माणसाचा नुसता 'हं' पुढच्या सीटवर कसाही ऐकू येतो. म्हणून सीटवरून प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणावा: 'दाबलंय', 'धरलंय', 'सोडलंय'. आमच्या गल्लीत हा संवाद ऐकून समोरच्या बाई एकदा धावत आल्या होत्या. मधेमधे बॉनेट उघडून डबीतलं ऑइल भरत राहावं, डबी कोरडी पडली तर श्रीगणेशा पुन्हा. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, रंग खातं. चारही चाकांचं होऊन पेडल घट्ट लागलं की खालून 'शाब्बास' येतं. ते पेडलला असतं.

कलम ६ (शृंगार). गाडी चालू होण्याआधी ती कशी दिसेल याचा विचार सुरू होतो. आमच्याकडे आजपर्यंत विचाराधीन झालेल्या गोष्टी: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन (मंजूर, लग्नपत्रिकांची गरज संपेल म्हणून मला जरा वाईट वाटलं), डायनॅमोऐवजी अल्टरनेटर (मंजूर, संध्याकाळी हेडलाइट आणि वायपर एकदम चालतील), मारुती ८००चं इंजिन (नामंजूर), लाल रंग. लाल रंगावर मी विचारलं, 'मंगळ आहे का हिच्या पत्रिकेत?' मंगळनाथ आपल्याच गावात असल्यामुळे तोही प्रश्न सुटण्यासारखा होता. रंगाचं अडलं कागदावर.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आमच्या सर्व कलमांहून वरचढ आहे. कंपनीने दिलेल्या घडणीत परवानगीशिवाय मूलभूत फेरफार करता येत नाही. इंजिन बदललं, रंग बदलला तर तो आरसीवर चढला पाहिजे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली होती. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून वेगळा, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण मग ती रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. हे ऐकून ह्यांचा चेहरा खुलला. भाजीतून कायद्यानेच सुटका.

डेंटिंग-पेंटिंगबद्दल एकच: गंज खरवडून पत्रा दिसेपर्यंत लांबी भरू देऊ नये. गंजावर भरलेली लांबी पहिल्या पावसाळ्यात फुगते.

कलम ७. कुंपणावरून 'मेरे फूफाजी के पास भी थी, भिया' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दुसरी टॉर्च द्यावी.

कलम ८ (सुटे भाग). मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. तिथून अवंतिका एक्स्प्रेसने येतात. आमचा सायलेन्सर भाच्याबरोबर आला. रात्रभर बर्थवर सायलेन्सर झोपला आणि भाचा बसून आला. नातेवाइकांना कुठली गोष्ट 'सहज जाता जाता' आणायला सांगावी याला मर्यादा आहे आणि ती सायलेन्सरच्या अलीकडे कुठेतरी आहे.

मुंबईवरून आठवलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेत निघाली. २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली, वीस वर्षं भरली. बातमी लागली तेव्हा हे जेवत होते. ताट सरकवून पोर्चमध्ये गेले, गाडीवरचं कापड काढलं, बॉनेट पुसलं, काही न करता पुन्हा झाकलं. त्या दिवशी टॉर्च मागितली नाही. माझ्या मात्र ती हातात होती, सवयीने.

कलम ९ (पेट्रोल). या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर वाढल्या. ते २००० साली देशभर बंद झालं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, मग तडे पाडतं, आणि हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. गाडी महिनोन्‌महिने उभीच राहणार असेल (राहणारच आहे) तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. पोर्चमध्ये पेट्रोलचा वास आला की चावी लावायची नाही, आधी नळी बघायची. वास सगळ्यांत आधी आपल्याला येतो. ह्यांना नाही येत. त्यांना तो अत्तर वाटतो.

कलम १० (फेरी). पहिली फेरी देवास रोडला न्यावी, रुंद आहे. महाकालच्या बाजूला नेऊ नये. ई-रिक्षांच्या गर्दीत बंद पडली तर मागून भक्तांचा रेटा येतो आणि पुढे जागा नसते. पायांत चपला नकोत, धक्का मारताना निसटतात. धक्क्याला सेकंड गिअर, चावी ऑन, क्लच दाबलेला. गाडी बऱ्यापैकी पळू लागली की झटकन सोडायचा.

मे महिन्यात मात्र धक्का मारून दमू नये. दुपारी बंद पडते ती बहुतेक वेळा पेट्रोलपंपामुळे. तो इंजिनला चिकटून बसवलेला असतो, आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत त्यातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि वाफ काही कार्बोरेटरपर्यंत ओढली जात नाही. पंपावर ओला फडका गुंडाळावा, बॉनेट उघडं ठेवावं आणि शक्य तर बंद पडण्यासाठी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ निवडावं. हे बॉनेटमध्ये डोकं घालून प्लग काढायला बघतील. काढू देऊ नयेत. आलं-लिंबू घातलेले दोन ग्लास, बर्फ कमी, सांगावेत आणि सावकाश प्यावेत. ग्लास रिकामे होईस्तोवर पंप निवतो आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागतं. मग हे स्टिअरिंगवर थाप मारून म्हणतात, 'बघ, जरा हात लावला की झालं.' बसावं, दार दोनदा ओढावं, एकदात लागत नाही.