चांगला रिले बिघडवण्याचा मूर्खपणा

चांगल्या रिलेचं सेटिंग मुद्दाम बिघडवायचं आणि अख्खी दुपार ते पुन्हा जुळवत बसायचं, याला शहाणी माणसं मूर्खपणा म्हणतात. वेळेचा हिशेब त्यांचा बरोबर आहे. सिम्युलेशनवर हाच प्रयोग दहा मिनिटांत उरकतो, फ्यूजही उडत नाही. तरी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या प्रत्येक प्रयोगशाळेत हा मूर्खपणा वाढावा असं मला मनापासून वाटतं.

आयडीएमटी रिलेच्या स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर, टाइम मल्टिप्लायर 1 असताना, सेटिंगच्या दुप्पट करंटला ट्रिप व्हायला सुमारे 10 सेकंद लागतात, दहापट करंटला सुमारे 3. परीक्षेत सूत्र सगळेच लिहितात. इंजेक्शन किटने करंट सोडून ते 10 सेकंद ज्याने स्वतः मोजले, त्याला फीडरचा रिले आधी आणि इनकमरचा नंतर का सुटला पाहिजे ते उमगतं. हा क्रम चुकला, की भोसरीतल्या एका फीडरचा फॉल्ट शेजारच्या फीडरवरच्या कारखान्यांनाही अंधारात ढकलतो.

ट्रान्सफॉर्मरला उलटा सप्लाय देणं हा याहून मोठा मूर्खपणा. 22 केव्ही / 433 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला शिक्षकांच्या देखरेखीखाली एलटी बाजूने थ्री फेजचे जेमतेम 10 व्होल्ट द्या. एचटी बाजूला 500 च्या वर निघतात. आता गुरुवार डोळ्यांसमोर आणा. एमआयडीसीला सुट्टी, लाइन देखभालीसाठी बंद, लाइनमन खांबावर. एखाद्या शेडमध्ये मेन न तोडता, चेंजओव्हर न वापरता जनरेटर सुरू झाला, तर त्याच बंद लाइनवर 22,000 व्होल्ट उभे राहू शकतात. म्हणून एबी स्विच उघडल्यावरही लाइन तपासायची आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचं. मीटरवरचे ते 500 व्होल्ट ज्याने पाहिले, त्याला डिस्चार्ज रॉड गाडीत ठेवून खांबावर चढवणार नाही.

एक पॅनेल आणि भोवती वीस मुलं, त्यातली दोघं जोडणी करतात, उरलेली रीडिंग उतरवून घेतात. जर्नल भरतं, हात कोरेच राहतात. आयटीआय असो की इंजिनिअरिंग, प्रत्येकाला एक अख्खा दिवस मिळायला हवा. त्यानेच परमिट घ्यावं, कुलूप लावावं, लाइन मेलेली आहे हे तपासावं, अर्थिंग करावं; काम झाल्यावर माणसं मोजून अर्थिंग काढावं आणि मगच परमिट परत करावं. यातली एकही पायरी दुसऱ्याने केलेली पाहून जर्नलवर सही होऊ नये.