कै. ग्रीडोराव यांस खुलं पत्र

कै. ग्रीडोराव,
मु. पो. मॉस आयझ्ली, ग्रह टॅटूइन.

स. न. वि. वि.

गेलेल्याला पत्र लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. पण तुमचं मरण अजून पक्कं झालेलं दिसत नाही, म्हणून हे धाडस.

गेल्या शनिवारी आम्ही चौघा मित्रांनी ‘स्टार वॉर्स’चे जुने तिन्ही सिनेमे, म्हणजे १९७७, १९८० आणि १९८३ चे, एका बैठकीत पाहायचं ठरवलं. सहा तासांचा ऐवज. पहिला सिनेमा सुरू होऊन पाऊण तास झाला होता, आत भेळेचा कांदा चिरणं चाललं होतं, तेवढ्यात त्या गुत्त्यात तुम्ही हान सोलोसमोर येऊन बसलात. जब्बा नावाच्या गुंडाच्या थकबाकीची वसुली. हानचा एक हात भिंत खरवडतोय, दुसरा टेबलाखाली. मग धूर झाला, तुमचं हिरवं डोकं टेबलावर आपटलं आणि आमच्यात भांडण जुंपलं.

कारण १९७७ साली गोळी एकच सुटली होती, आणि ती हानची. तुम्हाला चाप ओढायलाही सवड मिळाली नाही. जाता जाता गड्याने गुत्तेवाल्याला नाणं फेकलं, पसाऱ्याबद्दल माफी मागितली आणि निघाला. त्या एका नाण्यात अख्खा हान कळत होता. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत मात्र आधी तुम्ही गोळी झाडता आणि ती चुकते. हातभर लांब बसलेल्या माणसावरचा नेम चुकतो! वसुलीच्या धंद्यात तुमची काय अब्रू राहिली? २००४ च्या डीव्हीडीवर दोघांच्या गोळ्या जवळपास बरोबरच सुटतात. २०१९ पासून तर मरण्याआधी तुम्ही ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी ओरडता.

दिग्दर्शक लुकाससाहेबांचा खुलासा असा, की हान पुढे नायिका लेयाशी लग्न करणार. तो थंड डोक्याचा खुनी असून कसं चालेल? आम्हाला हे लगेच पटलं. आमच्याकडेही लग्न ठरलं की मुलाची जुनी प्रकरणं अशीच मिटवतात. फक्त त्यासाठी मयताला उठवून त्याच्याकडून आधी गोळी झाडून घेत नाहीत. आणि हान मुळातच सज्जन असेल, तर शेवटच्या लढाईत नायक ल्यूकच्या मदतीला तो परत येतो, त्यात नवल ते काय उरलं?

भांडण मिटवायला मूळ सिनेमा हवा होता. एका मित्राच्या भावाने २००६ साली अमेरिकेहून पाठवलेली डीव्हीडी त्याच्या माळ्यावर होती. तिच्या जादा तबकडीवर मूळ सिनेमा आहे. डीव्हीडी प्लेअर शेजाऱ्यांकडून आणला. चित्र पडद्याच्या मधोमध, चारही बाजूंनी काळी चौकट, जणू खिडकीच्या गजांतून दुसऱ्याच्या घरचा टीव्ही बघतोय. पण गोळी एकच सुटली. पन्नाशीची आम्ही माणसं, शिट्ट्या मारल्या.

तिसऱ्या सिनेमापर्यंत रात्रीचा एक वाजला (दुसऱ्यात कुणाचं काही म्हणणं नव्हतं, तो निमूटपणे पाहायचाच सिनेमा). तिथे तुमचे समदुःखी भेटले. खलनायक डार्थ व्हेडरचा मुखवटा निघतो, तेव्हा खाली चेहरा असतो सेबॅस्टियन शॉ यांचा. शेवटी व्हेडरचं जे भूत येऊन हसतं, तेही मुळात त्यांचंच. २००४ पासून त्या जागी नंतरच्या सिनेमांतला तरुण व्हेडर, हेडन क्रिस्टनसन, उभा आहे. शॉ तर १९९४ सालीच वारले होते. म्हणजे ग्रीडोराव, तुमचं निदान मरणच बदललं; त्यांचं भूतही हिसकावून घेतलं.

गंमत म्हणजे हेच लुकाससाहेब १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर गेले होते. जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग फासणाऱ्यांविरुद्ध, पुढच्या पिढ्यांचा ठेवा असा बदलू नका हे सांगायला. भाषण उत्तम होतं. त्यावर फक्त १९९७ ची सुधारित आवृत्ती निघायला नको होती.

असो. आमच्या घरात तुमचं श्राद्ध १९७७ च्याच तिथीला होईल. एका गोळीत, नेम न चुकता, अब्रूने.

आपले,
भेळवाले चौघे

ता. क. – मित्राच्या बारा वर्षांच्या मुलीला २०१९ वालेच तुम्ही आवडलात. रविवारपासून आजीने गृहपाठाचं नाव काढलं की ती ‘मॅक्लंकी’ म्हणते. आजी अर्थ विचारताहेत. उलट टपाली कळवावा.